टाकी इतकी कशी भरते?

१८ नोव्हेंबर

प्रिय भाऊराया,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फक्त फोन मेला आहे. तळमजल्याच्या भिंतींना ओल आली, ती चढत चढत फोनच्या डबीत शिरली आणि आता रिसीव्हर कानाला लावला की नुसती खरखर ऐकू येते. दुरुस्तीवाला येतो म्हणाला आहे. कधी येतो हे विचारायला फोन लागतो, त्यामुळे सगळं तिथेच अडलंय. तेव्हा तूही फोन करायच्या भानगडीत पडू नकोस, काय असेल ते कागदावर लिही.

थंडी पडली आणि घराने रंग दाखवले. सकाळी खिडक्यांच्या काचा आतून घामाघूम असतात. कपाट सरकवलं तर मागच्या भिंतीवर काळे ठिपके. शिवणाच्या खोलीत लोकरी कापडाची ठाणं ठेवलीत, त्यांना असा कुबट वास येतो की कात्री लावायची इच्छा होत नाही. काल बँकेतल्या मॅनेजरबाई त्यांचा कोट न्यायला आल्या, तर कॉलरवर पांढुरकी बुरशी! मी म्हटलं, "अशी मखमली छटा हल्ली चालते." त्यांनी कॉलर नाकाला लावली आणि कोट माझ्याच हातात परत दिला. हिवाळा हा माझ्या धंद्याचा हंगाम. असे आणखी दोन कोट परत आले तर मला मशीन गुंडाळून ठेवावं लागेल.

तू जन्मभर लोकांचे फ्रीज गार करत आलास. बहिणीचं घर कोरडं करता येतं का तेवढं बघ.

आणि एक. विचारू नये, पण विचारते. ठकीची काही खबर? दीड वर्ष होत आलं. तिची आई गेल्यावर त्या पोरीला तू वर्कशॉपच्या टेबलावर बसवून वाढवलीस आणि आता एका ओळीचं पत्र नाही. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, त्यात तू पटाईत आहेसच.

तुझी,
ताई

२५ नोव्हेंबर

प्रिय ताई,

फोनला ओल लागते हे इतकी वर्षं यंत्रांत हात घालूनही मी पहिल्यांदाच ऐकतोय. पण तुझं घर आहे, तिथे काहीही होऊ शकतं.

आज पार्सलने डिह्युमिडिफायर पाठवला आहे. नावाला घाबरू नकोस, बिनदाराचा फ्रीज समज. घरातली हवा ओली आहे कारण तू ती ओली करतेस. श्वास घेतेस, तो घे, मी काही म्हणत नाही. पण पातेल्यावर झाकण ठेवत नाहीस, इस्त्रीची वाफ सोडतेस, कपडे घरात वाळत घालतेस. ती वाफ थंड भिंतीला लागली की तिथे पाणी होतं आणि त्यावर तुझी मखमली छटा उगवते. मशीन ही हवा आत ओढतं, गार कॉइलवर तिचं पाणी करतं आणि कोरडी हवा बाहेर सोडतं. पाणी खालच्या टाकीत जमतं. टाकी भरली की लाल दिवा लागतो, मग ती ओतायची. ओलाव्याचा काटा पन्नास टक्क्यांवर ठेव, त्याखाली नेऊ नकोस, नाहीतर लाकूड तडकेल. भिंतीपासून हातभर लांब ठेव. कपाटही भिंतीला चिकटवू नकोस. एवढं जमेल अशी आशा बाळगतो.

तू ज्या व्यक्तीची चौकशी केलीस ती माझ्या ओळखीत नाही. दुकानाच्या बोर्डावर माझ्या नावापुढे 'आणि कन्या' असे दोन शब्द मी हौसेने रंगवून घेतले होते. कन्येला बोटीवरचा आचारी जास्त पसंत पडला. जाताना ती म्हणाली, "तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही." मी म्हटलं, "तू विचारल्याशिवाय बोलावणार नाही." दोघंही शब्दाला पक्के. आपल्या घराण्यात एवढं एकच चांगलं वळण आहे. त्या दोन शब्दांवर मी पांढरा रंग मारून घेतला आणि विषय संपला. तूही संपव.

तुझा,
भाऊ

८ डिसेंबर

प्रिय भाऊराया,

ओळखीत नसलेल्या व्यक्तीवर तू पत्रातला सगळ्यात तावातावाचा परिच्छेद लिहिलास. ओळख असती तर कागद पुरला नसता.

यंत्र पोचलं. हमालाने ते दारात आदळलं आणि "बाई, नवीन फ्रीज का?" म्हणाला. मी "बिनदाराचा" म्हटल्यावर पैसे न मोजताच पळाला. मी त्याचं नाव पाणचोर ठेवलं आहे. दिवसभर कोपऱ्यात बसून घुरघुरतो. तुझ्या घोरण्याची आठवण येते, त्यामुळे एकटं वाटत नाही.

काम मात्र चोख करतो. सकाळी टाकी रिकामी करावी तर संध्याकाळी परत लाल दिवा! माझ्या घरात एवढं पाणी हवेत तरंगत होतं हे कळल्यापासून मी खोलीत जरा जपूनच चालते. ते पाणी फुकट का घालवायचं म्हणून इस्त्रीत भरते. आणि हवा खेळती राहावी म्हणून पाणचोराच्या शेजारची खिडकी सताड उघडी ठेवते. बरोबर ना?

ताई

१४ डिसेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला.

खिडकी उघडी ठेवून तू तुझं घर नाही, सगळी गल्ली कोरडी करते आहेस. गल्लीतले लोक येऊन तुझा सत्कार करतील, विजेचं बिल मात्र भरणार नाहीत. सकाळी थोडा वेळ खिडक्या उघड, घराला वारा दे, मग मशीन बंद घरात चालव. दोन्ही एकदम नाही. आणि टाकीतलं पाणी इस्त्रीत घालू नकोस, त्यात घरभराची धूळ असते, पुढच्या कोटावर डाग पडला तर त्याला कुठली छटा म्हणणार? फिल्टर काढून धू. हे सगळं मी पार्सलमध्ये एका कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद तू बहुतेक कोटाचा नमुना कापायला वापरलास.

खिडकी बंद केल्यावर टाकी रोज भरायची थांबली पाहिजे. नाही थांबली तर कुठेतरी पाइप गळतोय. तुझ्या भागात माझा एक जुना ओळखीचा प्लंबर आहे, त्याला तुझ्याकडे जायला सांगतो. त्याला आत येऊ दे. तू दारातूनच लोकांना वाटेला लावतेस, मला माहीत आहे.

भाऊ

२३ डिसेंबर

प्रिय भाऊराया,

खिडक्या बंद. कागद सापडला (पाठीवर बाहीचा नमुना आहे, पण वाचता येतो). कपाट पुढे ओढलं. भिंत आता कोरडी पडायला लागली आहे आणि ठाणांचा वासही गेला. मॅनेजरबाई कोट घेऊन गेल्या, वर आणखी एक शिवायला टाकून गेल्या. याचं श्रेय तुला देते, एकदाच देते, जपून वापर.

टाकी मात्र भरतेच आहे. त्यात एवढं काय? माझा चहा वाढलाय. थंडीत माणूस चहा पितो. इस्त्री जास्त चालते. आणि खरं सांगायचं तर मला घामही फार येतो, वय झालं.

तुझा प्लंबर येऊन गेला. सज्जन माणूस, पण नाक फार खुपसतो. स्वयंपाकघर बघितलं, मोरी बघितली, नळ ठोकून बघितले. आतल्या खोलीत मी त्याला जाऊ दिलं नाही, तिथे गिऱ्हाईक बाई कपडे बदलत होत्या. तो म्हणाला, गळती नाही. झालं?

फिल्टर धुतला. त्यात पांढरी भुकटी साचली होती. शिवणाच्या खडूची असणार.

ताई

३ जानेवारी

प्रिय ताई,

प्लंबरने मला फोन केला. त्याच्या फोनला ओल लागलेली नाही.

तो म्हणाला, "तुमच्या ताईंचा धंदा जोरात आहे, रुमालांची मोठी ऑर्डर घेतलेली दिसते. दोरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरे रुमाल वाळत होते." कोट शिवणारी बाई रुमालांवर कधी उतरली? कोटांना मंदी आली का? तो असंही म्हणाला की घरात पावडरचा घमघमाट होता. म्हणजे फिल्टरमध्ये खडू नव्हता. या वयात एवढी पावडर? कोणासाठी नटतेस ते विचारत नाही, पण फिल्टरचा विचार कर.

आता मुद्दा. एक बाई, एक किटली, एक इस्त्री आणि हे रुमाल, सगळं धरलं तरी रोज इतकं पाणी निघत नाही. हे पाणी जमिनीखालून येतंय. आतल्या खोलीच्या फरशीखाली जुना पाइप फुटला असणार, म्हणून तर ती खोली तू प्लंबरला दाखवली नाहीस. दाखवली तर घर सोडावं लागेल या भीतीने तू लपवतेस, मी तुला ओळखतो. महिनाअखेरीला मी स्वतः येतो आणि फरशी खोदतो. तू नाही म्हटलंस तरी येतो.

भाऊ

१० जानेवारी

प्रिय भाऊराया,

येऊ नकोस. फरशी खोदू नकोस. बाकी तुझी मर्जी.

तुझ्या यंत्राची पंचाईत सांगते. परवा पाणचोर घुरघुरायचा थांबला. जाळीतून बघितलं तर आत पांढराशुभ्र बर्फ. कॉइल अख्खी गोठलेली. मी काही तुला विचारत बसले नाही. आयुष्यभर शिलाईचं मशीन उघडून बसवते, हे काय जड आहे? वायर काढली, बर्फ वितळू दिला आणि मागचं झाकण उघडलं. कसलासा काळा मणी कॉइलवरून निसटून लोंबकळत होता. बर्फ साचला हे तोच यंत्राला सांगतो म्हणे. तो परत क्लिपमध्ये बसवला आणि पाणचोर सुरू झाला.

स्क्रू हरवतील अशी काळजी करू नकोस. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर यंत्राची पाठ काढली आणि ज्या भोकातला स्क्रू त्याच जागी पुठ्ठ्यात खोचला. पुठ्ठा उलटसुलट होऊ नये म्हणून वरच्या बाजूला मांजराचं तोंड काढलं. मिशांसकट.

तेव्हा तू तुझं दुकान सांभाळ. मी माझं घर सांभाळायला समर्थ आहे.

ताई

२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. काम होतं असं लिहिणार होतो, पण काम नव्हतं. तुझं पत्र खिशात घेऊन फिरत होतो.

तू मांजर काढलेलं मी लहानपणापासून बघतोय. तुझी मांजरं बटाट्यांसारखी दिसतात आणि त्यांना मिशा नसतात.

ठकी सात वर्षांची असताना तिने एका गिऱ्हाइकाच्या फ्रीजचे सगळे स्क्रू काढून एका वाटीत ओतले होते. मी ओरडलो. ती टेबलाखाली जाऊन बसली ती बाहेरच येईना. मग मी पुठ्ठा आणला, त्यावर फ्रीजची पाठ काढली आणि तिच्यासमोर एकेक स्क्रू खोचून दाखवला. वरची बाजू कळायला बाण काढ म्हटलं. तिने टेबलाखालूनच हात बाहेर काढून मांजर काढलं. म्हणाली, "बाण कसाही धरला तरी बाणच दिसतो, बाबा. मांजर उलटं झालं की लगेच कळतं." गेली वीस वर्षं माझ्या दुकानात बाण काढत नाहीत. दुसऱ्या कुठल्याही दुकानात मांजर काढत नाहीत.

तर ती तुझ्याकडे आहे. मला राग आला. दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो आणि जिंकलोही. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो. तू, किटली, इस्त्री. त्यात आणखी एक बाई धरली. तिचा श्वास, तिची आंघोळ, तिचे कपडे. तरी टाकीत पाणी शिल्लक राहतं. पुन्हा मांडलं, पुन्हा शिल्लक. मग प्लंबरचे रुमाल आठवले. पावडर आठवली. तुझ्या फोनला लागलेली ओल आठवली, जी नेमकी मला काहीतरी ऐकू येऊ नये म्हणून लागली होती. त्यात एक लहानसं माणूस घातलं आणि ताई, सगळं जुळलं.

मी शटर खाली ओढलं आणि रडलो. हे लिहायला लाज वाटत नाही, कारण पत्र तू तिला वाचून दाखवणारच.

आता नीट ऐक. बाळाच्या खोलीत काटा पन्नासवरच ठेवा, फार कोरडी हवा झाली तर नाक सुकतं. मशीनचा वारा सरळ अंगावर नको. ते रुमाल बाळाच्या खोलीत वाळत घालू नका, दुसऱ्या खोलीत घाला आणि मशीन तिथे ठेवा. मोरीचं दार आंघोळीनंतर बंद करा. खोली उबदार ठेवा, गारठ्यात कॉइल पुन्हा गोठेल. टाकीतलं पाणी बाळाच्या कशालाही वापरू नका. मुलगा की मुलगी हे हिशेबातून निघत नाही. तेवढं कळव.

दुकानाच्या बोर्डावरचा पांढरा रंग या थंडीत पोपडे धरून निघाला. ते दोन शब्द रस्त्यापलीकडून वाचता येतात. रंगारी विचारायला आला होता. म्हटलं राहू दे, रंग महाग झालाय.

तिने विचारलेलं नाही आणि मी बोलावलेलं नाही, हे मला आठवतंय. पण मी पाठवलेलं मशीन कोणी उघडलं तर कसं उघडलं हे विचारायचा मला हक्क आहे, तो धंद्याचा भाग आहे. रविवारी सकाळी फोन करतो. ओल तोवर सुकेल अशी खात्री आहे. तू उचलू नकोस.

भाऊ

९ फेब्रुवारी

प्रिय भाऊराया,

फोनची ओल सुकली. वायर मीच काढून कपाटात ठेवली होती, ती परत खोचली इतकंच.

काल तू फोन केलास तेव्हा ठकी टेलिफोनसमोर उभी होती. सकाळपासून तिथेच घुटमळत होती, पण विचारलं तर म्हणे खिडकी पुसतेय. खिडकी कोरडी ठणठणीत. घंटा वाजत राहिली, मी स्वयंपाकघरातून हललेसुद्धा नाही. शेवटी तिने उचलला. तुझी बाजू मला तिने मागाहून सांगितली. आणि तू, दीड वर्षानंतर, पोटच्या पोरीला काय विचारलंस? "सेन्सर कुठल्या क्लिपमध्ये बसवला?" ती म्हणाली, "खालच्या." तू म्हणालास, वरच्या पाहिजे. ती म्हणाली, "वरची तुटली आहे, पार्सल तुम्ही धड बांधलं नव्हतं." मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं, पण भिंत आत्ता कुठे सुकली आहे.

मग पोर रडली आणि क्लिपचा वाद तिथेच सुटला. ठकी म्हणाली, "मुलगी आहे, बाबा." तू "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास. बरं! सोन्यासारखी नात झाली तर माणूस बरं म्हणतो! ठकी रिसीव्हर हातात धरून तशीच उभी राहिली. तू रडत असणार हे तिला कळलं होतं, कारण ती पण तेच करत होती. मी दोघांनाही शिव्या घालत डाळ ढवळत राहिले, आणि खोटं कशाला सांगू, डोळे माझेही भरले होते.

आता ऐक. आचारी बोटीवर आहे, उन्हाळ्यात येईल. माणूस चांगला आहे, तुझ्यापेक्षा जास्त बोलतो. तिच्या भाड्याच्या खोलीत पोरीला खोकला सुटेना म्हणून ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला माझ्याकडे आली आणि आल्या आल्या शब्द घेतला, "आत्या, बाबांना सांगायचं नाही." मी शब्द पाळला. मी तुला कुठे काय सांगितलं? मी फक्त ओल, टाकी आणि स्क्रू यांच्याबद्दल लिहिलं. मांजर माझ्याकडून चुकून लिहिलं गेलं असं तुला वाटत असेल तर बुद्धीच्या बाबतीत तुम्ही दोघं एकाच साच्यातले आहात. मिशासुद्धा मी आठवणीने लिहिल्या होत्या.

शनिवारी ये. बोलावणं कोणाचं, विचारलं कोणी, हा घोळ मला नको, म्हणून मी पाणचोर बिघडवून ठेवला आहे. खरंच सांगते. मागचं झाकण उघडलं, हाताला लागेल ते उपसलं आणि सगळे स्क्रू एका वाटीत ओतले. पुठ्ठा मुद्दाम घेतला नाही. ठकीने ते बघून कपाळाला हात लावला, अगदी तुझ्यासारखा. म्हणाली, हे एकट्या माणसाचं काम नाही, समोरून कोणीतरी धरायला लागेल. मी म्हटलं, शनिवारी एक मेकॅनिक येतोय.

ती माफी मागणार नाही आणि तू तर मागणारच नाहीस. मला तुमची माफी नकोच आहे. समोरासमोर बसा आणि यंत्र जोडा. तोवर पोर माझ्याकडे राहील, आणि झाल्यावर तुझ्याकडे. लवकर निघ, आज सकाळी काचांना परत घाम फुटला होता.

वाटीतला एक स्क्रू मी काढून माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवला आहे. तो जेवणं झाल्याशिवाय मिळणार नाही.

तुझी,
ताई